मदत हवी आहे: बाबांना बोलतं कसं करू?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, सहा एकर कोरडवाहू. यंदा पऱ्हाटी निघाल्यापासून बाबा बदललेत. रात्री अडीचला उठून मोबाइलवर कापसाचे भाव बघत बसतात. रात्रीतून भाव बदलत नाही हे त्यांनाही कळतं, पण बोट थांबत नाही. मग काळा चहा, आणि सकाळी भाकर तशीच ताटात. आधी रोज पारावर बसायचे, भजनात टाळ धरायचे. आता कोणी कर्जाचं विचारेल म्हणून वावरातून थेट घरी, नि खाटेवर भिंतीकडे तोंड करून. दवाखान्याचं काढलं की म्हणतात, "मले काय झालं? येडा झालो काय मी?"

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, हे माहीत आहे. पण त्यांच्या हातात फोन द्यायचा कसा? आधी घरच्यांनी बोललेलं चालतं का? जिल्हा रुग्णालयात मानसोपचारासाठी कोणी आपल्या माणसाला नेलंय का? काय सांगून नेलं?

फवारणीची औषधं मी शेजारच्या काकांकडे कुलपात ठेवली आहेत. आईला अजून काही बोललो नाही. सांगावं का?