अमिरातीतील शाळेची नोकरी प्रोबेशनमध्येच सोडून तिथेच दुसरी शोधावी का? सल्ला हवा

प्रयोगवही:
नमस्कार. एप्रिलपासून मी शारजातील भारतीय अभ्यासक्रमाच्या एका खाजगी शाळेत भौतिकशास्त्राची शिक्षिका म्हणून नोकरी करते. निघण्यापूर्वी मिळालेल्या पत्रात अकरावी-बारावीचे वर्ग, राहायला स्वतंत्र खोली आणि वेळेवर पगार असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात माझ्याकडे सहावी ते आठवीचे विज्ञान आले, खोलीत आम्ही तिघी राहतो आणि पगार कधी दोन हप्त्यांत, कधी तारीख उलटून गेल्यावर मिळतो. रोजच्या बदली तासांची चिठ्ठी सकाळी हजेरीपटाला टाचणीने लावलेली असते आणि शाळा सुटल्यावर शेवटचे मूल उतरेपर्यंत बस ड्यूटी असते. प्रयोगशाळेला कुलूप आहे, कारण तिथे जुनी बाके ठेवली आहेत. पासपोर्ट ‘सुरक्षित राहावा म्हणून’ कचेरीने पहिल्याच दिवशी मागून घेतला. सोडण्याचा विषय काढताच व्हिसाचा आणि भरतीचा सगळा खर्च माझ्याकडून वसूल करू, असे व्यवस्थापकांनी ऐकवले.

माझे सहा महिन्यांचे प्रोबेशन ऑक्टोबरात संपते. दोन महिने पगाराविना निभेल एवढीच शिल्लक आहे, भारतात जाऊन पुन्हा येण्याचा खर्च झेपणारा नाही आणि मला विषय किंवा देश बदलायचा नाही. या मर्यादांत राहून प्रोबेशन संपण्याआधी सोडावे की नंतर, आणि दुसरी नोकरी कुठे व कशी शोधावी, एवढेच विचारायचे आहे.

उंटावरचा_शहाणा:
ताई, मी २००८ साली दुबईत आलो तेव्हा आम्ही आठ जण एका खोलीत राहत होतो आणि कोणी धागे काढत नव्हते. मालकाचे ना हरकत पत्र नसेल तर सहा महिन्यांची बंदी बसते, हे पक्के लक्षात ठेवा. मार्चपर्यंत वर्ष पूर्ण करा, तोंडातून शब्द काढू नका आणि मग सन्मानाने बाहेर पडा. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागल्याने काय होते ते मी माझ्या दोन सहकाऱ्यांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले आहे.

दोन_खडू:
वरील माहिती जुनी आहे आणि ती वाचून कोणी घाबरून बसू नये म्हणून सविस्तर लिहितो. आता अमिरातीचा २०२१ चा संघराज्य कायदा क्रमांक ३३, म्हणजे कामगार कायदा, लागू आहे आणि तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार प्रोबेशन सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. प्रोबेशनमध्ये असताना देशातल्याच दुसऱ्या संस्थेत जायचे असेल तर कर्मचाऱ्याने किमान एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि जुन्या संस्थेला भरतीचा खर्च भरून द्यायचा झाला तर तो नव्या संस्थेने द्यायचा असतो. कराराने वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी, पण कर्मचाऱ्याच्या खिशातून तो काढता येत नाही. देश सोडून जायचे असेल तर चौदा दिवसांची नोटीस पुरते. नोटीस न देता निघून गेल्यास मात्र वर्षभर नवे वर्क परमिट मिळत नाही, आणि ‘बंदी’ म्हणून लोक जे सांगतात त्यातला खरा भाग एवढाच आहे.

पासपोर्टबद्दल बोलायचे तर कर्मचाऱ्याची अधिकृत कागदपत्रे अडकवून ठेवण्यास हाच कायदा मनाई करतो. भरतीचा खर्च प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कर्मचाऱ्याकडून घेण्यासही मनाई आहे. तेव्हा व्यवस्थापकांची धमकी पोकळ आहे.

माझे मत असे की, तारखा अनुकूल असतील तर प्रोबेशन ओलांडूनच राजीनामा द्यावा. त्यानंतर करारात लिहिलेली, म्हणजे तीस ते नव्वद दिवसांमधली, नोटीस लागते, पण नव्या शाळेवर खर्च देण्याचे ओझे राहत नाही आणि मुलाखतीत तुम्ही तिला हलक्या पडता.

कडक_चहा:
मी तर नोकरीच्या भानगडीतच पडत नाही. भौतिकशास्त्राला शिकवण्या भरपूर मिळतात आणि बारावीच्या चार मुलांवर घर चालते. माझ्याकडे दर वर्षी मुलांची रांग असते आणि मला कोणताही परवाना कधी लागला नाही. शाळेचे हप्ते आणि हजेरीपट हवे कशाला?

दोन_खडू:
असे जाहीरपणे लिहू नका आणि दुसऱ्यांना सुचवू तर मुळीच नका. डिसेंबर २०२३ मध्ये अमिरातीचे शिक्षण मंत्रालय आणि मनुष्यबळ (म्हणजे कामगारविषयक) मंत्रालय यांनी खाजगी शिकवणीसाठी स्वतंत्र वर्क परमिट सुरू केले. ते विनाशुल्क आहे आणि दोन वर्षांसाठी मिळते. अर्ज नाकारला गेला तर पुन्हा अर्ज करण्यास सहा महिने थांबावे लागते. शाळेत नोकरी करणाऱ्यांनाही ते काढता येते, पण त्यामुळे राहण्याच्या व्हिसाचा प्रश्न सुटत नाही. परमिट नसताना शिकवणे आणि त्यावर घर चालवणे हा मार्ग या ताईंना सांगण्याजोगा नाही.

कडक_चहा:
मी माझा अनुभव सांगितला, वकिली केली नाही. परमिटचा कागद भिंतीवर लावल्याने मुलांना गुण जास्त पडत नाहीत.

सातासमुद्रापलीकडे:
तुम्ही अमिरातीतच अडकून राहण्याचा हट्ट का धरता, ते मला कळले नाही. मी इंग्लंडला आलो, इथे स्वतःचे घर घेतले आणि मागे वळून पाहिले नाही. १ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडच्या शिक्षण विभागाने भारतासह नऊ ठिकाणच्या शिक्षकांना तिथला शिक्षक-दर्जा, म्हणजे क्यूटीएस, अर्ज करून मिळवण्याची मुभा दिली आहे. भारतातल्या अर्जदारांना गणित, विज्ञान किंवा भाषा हे विषय अकरा ते सोळा वयोगटाला शिकवण्याची पात्रता असावी लागते, म्हणजे तुम्ही त्यात बसता. अर्जाला शुल्क नाही. व्हिसा, आरोग्य अधिभार, विमानाचे भाडे आणि घरभाड्याची अनामत मिळून काही लाख रुपये उभे करावे लागतील, पण एकदा केले की केले.

प्रयोगवही:
देश बदलायचा नाही आणि दोन महिन्यांचीच शिल्लक आहे, असे मी वर लिहिले आहे. मात्र क्यूटीएसची माहिती उपयोगी आहे, कारण इथल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांच्या जाहिरातींत तो शब्द सतत दिसतो.

निवृत्त_मुख्याध्यापिका:
मी अनेक वर्षे भरतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहिते. वर्षाच्या मध्यावर सोडून आलेल्या शिक्षिकेचा अर्ज समोर आला की पहिला प्रश्न ‘का सोडले’ हाच असतो, आणि त्यावर पगार, खोली, बस, बाके अशी तक्रारींची यादी सुरू झाली की आम्ही पेन खाली ठेवत असू. तेव्हा एका वाक्यात, ‘मला वरच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवायचे आहे आणि तिथे ते मिळाले नाही,’ असे उत्तर द्यावे. ते खरेही आहे आणि आपल्या बाजूचेही आहे.

जागा केव्हा निघतात हेही समजून घ्या. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून त्यांची भरती जानेवारी ते मार्चमध्ये जोरात असते. ब्रिटिश आणि अमेरिकन शाळा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, त्यामुळे तिथे ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात कोणी आले नाही किंवा प्रसूतीच्या रजेवर गेले की अचानक जागा रिकामी होते. मात्र बदली जागेवर किंवा पदाने खाली उतरून जाऊ नका. शिक्षिका एकदा खाली उतरली की तिला पुन्हा वर घेताना प्रत्येक जण कुरकुर करतो. एकूणात मार्चपर्यंत थांबावे, हेच माझेही मत.

वाळवंटातली_वर्षे:
मी राजीनामा दिला तेव्हा कचेरीतल्या बाईंनी एकावर एक ठेवलेले अरबी-इंग्रजी कागद पुढे सरकवले आणि फक्त सह्यांच्या जागा बोटाने दाखवल्या. त्यातल्या एकावर, सर्व देणी मिळाली आणि माझी काही तक्रार नाही, असे लिहिले होते, आणि तोपर्यंत मला शेवटच्या महिन्याचा पगार मिळालेला नव्हता. मी सही केली नाही, दोन आठवडे हेलपाटे घातले आणि पैसे हातात आल्यावरच सही केली. करार संपल्यापासून चौदा दिवसांत सर्व देणी चुकती करणे कायद्याने बंधनकारक आहे. ग्रॅच्युइटीची आशा मात्र या ताईंनी ठेवू नये, कारण ती सलग एक वर्ष पूर्ण केल्यावरच लागू होते आणि तीही मूळ वेतनावर मोजतात, एकूण पगारावर नाही.

पगार उशिरा येत असेल तर प्रत्येक महिन्याची बँकेची नोंद जपून ठेवा. देय तारखेनंतर पंधरा दिवसांत पगार जमा झाला नाही तर तो थकलेला धरला जातो आणि मनुष्यबळ मंत्रालयाच्या ॲपवर तक्रार करता येते. पन्नास हजार दिऱ्हॅमपर्यंतच्या वादात २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निर्णय देते.

उंटावरचा_शहाणा:
तक्रार केली की शाळा ‘फरार’ असा शेरा मारते. मी सांगतो ते लिहून ठेवा.

दोन_खडू:
कामावर सलग सात दिवसांहून अधिक काळ न कळवता गैरहजर राहिल्यावर तशी नोंद करता येते. रोज हजेरी लावून नोटीस पूर्ण करणाऱ्या माणसावर ती टिकत नाही. म्हणूनच नोटीस ईमेलने द्यावी आणि शेवटच्या दिवसापर्यंत बस ड्यूटीसुद्धा चुकवू नये.

मुंबईकर_मास्तर:
एजंटला किती पैसे दिले ते कोणीच विचारले नाही. भारतात १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच शुल्क घेता येते. त्याहून अधिक घेतले असेल तर उत्प्रवासी संरक्षकाच्या कार्यालयात किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. एजंट ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर नोंदलेला आहे की नाही, ते आधी पाहा.

रोजची_वारी:
नोकरी दुबईत घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. शारजात राहून दुबईला जाणे स्वस्त वाटते, पण सकाळी इत्तिहाद रस्त्यावर गाडी जागची हलत नाही.

कडक_चहा:
शेख मोहम्मद बिन झायेद रस्त्याने जावे.

रोजची_वारी:
त्यावर तर आणखी अडकायला होते. शारजाच्या जुबैल स्थानकावरून दुबईतल्या युनियन स्थानकाला जाणारी बस बरी, निदान बसमध्ये वह्या तपासता येतात.

निवृत्त_मुख्याध्यापिका:
रस्त्यांचा वाद पुरे. नोकरी दुसऱ्या अमिरातीत घेतली तर तिथल्या नियामकाची मंजुरी नव्याने लागते, हे महत्त्वाचे आहे. शारजात खाजगी शिक्षण प्राधिकरण, दुबईत केएचडीए आणि अबू धाबीत अडेक अशा वेगवेगळ्या संस्था आहेत. पदवी आणि बीएडचे साक्षांकन राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास अशा क्रमाने झालेले असावे लागते. मूळ प्रमाणपत्रे शाळेच्या ताब्यात असतील तर पासपोर्टाबरोबर तीही मागून घ्या. नोकरी संपताना अनुभवाचे प्रमाणपत्र विनामूल्य देणे संस्थेला बंधनकारक आहे, पण मागितल्याशिवाय ते कोणी देत नाही.

प्रयोगवही:
सर्वांचे आभार. मधल्या काळात झालेले कळवते. कायद्याचा उल्लेख करून पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रे परत मिळावीत, असा दोन ओळींचा ईमेल मी कचेरीला आणि त्याची प्रत मुख्याध्यापकांना पाठवली. उत्तर आले नाही, पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिपायाने माझा कर्मचारी क्रमांक लिहिलेले प्लॅस्टिकचे पाकीट टेबलावर आणून ठेवले. त्यात पासपोर्ट होता आणि बीएडचे प्रमाणपत्रही होते.

मी प्रोबेशन संपेपर्यंत किंवा मार्चपर्यंत थांबणार नाही. दुबईतल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या एका शाळेत प्रयोगशाळा साहाय्यकाची जागा मी स्वीकारली आहे आणि इथे एक महिन्याची नोटीस आज दिली. पगार सध्याच्यापेक्षा थोडा कमी आहे आणि पद शिक्षिकेचे नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथे सोळा वर्षांच्या मुलांची प्रात्यक्षिके रोज होतात, उपकरणे मांडण्यापासून त्रुटी मोजण्यापर्यंतचे काम माझ्या हाती राहील, आणि क्यूटीएसचा अर्ज मी तिथूनच करीन. भरतीचा खर्च जुन्या शाळेने मागितल्यास आम्ही देऊ, असे त्यांनी लेखी कळवले आहे.

निवृत्त_मुख्याध्यापिका:
पदाने खाली उतरू नका, असे मी स्पष्ट लिहिले होते. असो, निर्णय तुमचा आहे. निदान वर्षभरात शिक्षिकेच्या जागेसाठी विचार करू, एवढे तरी त्यांच्याकडून लिहून घ्या.

उंटावरचा_शहाणा:
म्हणजे इतक्या जणांनी सांगितले ते वाऱ्यावर. बंदी बसली की इथेच येऊन लिहा.

दोन_खडू:
पत्रात लिहिलेले आणि मंत्रालयात नोंदवलेला करार यांत तफावत पडली म्हणूनच पहिल्या नोकरीत हे सगळे झाले. नव्या शाळेचे ऑफर लेटर मंत्रालयाच्या नमुन्यातले आहे का, आणि त्यात पदनाम, मूळ वेतन व राहण्याची सोय नेमकी कशी लिहिली आहे, ते सही करण्यापूर्वी पाहा. नोंदणी झाल्यावर करार मंत्रालयाच्या ॲपमध्ये पुन्हा एकदा उघडून ओळीने ताडून घ्या.

प्रयोगवही:
नमुना मंत्रालयाचाच आहे. घरभाड्याचा भत्ता मात्र ‘शाळेच्या धोरणानुसार’ असा मोघम लिहिला होता, म्हणून तिथे रक्कम घालून सुधारित प्रत पाठवावी, असे मी त्यांना आज दुपारी कळवले आहे. ती आल्यावरच सही करीन.