अ‍ॅक्वाबाइक: पुढे धावायचे नसेल तर सायकलवर किती जोर लावावा?

प्रश्न

गुडघ्यातील कूर्चा झिजल्यामुळे मला धावणे कायमचे बंद करावे लागले आहे. पोहायला आणि सायकल चालवायला डॉक्टरांची हरकत नाही, म्हणून ३.८ किलोमीटर पोहणे आणि १८० किलोमीटर सायकल अशा पूर्ण पल्ल्याच्या अ‍ॅक्वाबाइक स्पर्धेत मी नाव नोंदवले आहे. लहानपणापासून पोहत असल्याने पाण्याची मला धास्ती नाही आणि शंभर मीटरला दोन मिनिटे हा वेग मी सहज टिकवते. सायकलवर मात्र शंभर किलोमीटरच्या पुढे मी अजून गेलेले नाही. सोबत सराव करणाऱ्यांचे म्हणणे असे की, शेवटी मॅरेथॉन नसल्यामुळे सायकलवर हातचे काही राखण्याचे कारण नाही. हे कितपत खरे आहे? आणि आठवड्याचा वेळ दोन्ही प्रकारांत कसा वाटावा?

पहिले उत्तर

वेळेच्या वाटणीचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. तुमच्या वेगाने ३.८ किलोमीटरला ७६ मिनिटे लागतील. महिनोन् महिने मेहनत करून शंभर मीटरमागे पाच सेकंद कमी केलेत, तरी एकूण बचत तीन मिनिटांच्या थोडी वर जाईल. याउलट १८० किलोमीटर ताशी २८ च्या वेगाने गेलात तर सुमारे ६ तास २६ मिनिटे लागतात आणि ताशी ३० ने गेलात तर बरोबर ६ तास. म्हणून पोहणे आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा ठेवावे, त्यातले एक शक्यतो खुल्या पाण्यात असावे आणि उरलेला सगळा वेळ सायकलला द्यावा.

‘हातचे काही राखू नका’ हा सल्ला मात्र अर्धवट आहे. तासभर जेमतेम टिकवता येईल अशी जी तुमची ताकद, तिच्या साधारण ७० टक्क्यांवर पूर्ण पल्ल्याचे ट्रायथलॉनपटू (म्हणजे पोहणे आणि सायकलीनंतर मॅरेथॉनही धावणारे) सायकल चालवतात. धावणे नसल्यामुळे तुम्ही ७५ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकता; पण त्यापलीकडे जायला लांब पल्ल्याचा भक्कम सराव लागतो, आणि शंभर किलोमीटरच्या पुढे न गेलेल्या व्यक्तीने पहिल्याच स्पर्धेत ते धाडस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हवेचा रोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे पहिल्या तासात ओतलेल्या जादा जोराचा वेगात फारच थोडा मोबदला मिळतो आणि त्याची वसुली १३०-१४० किलोमीटरनंतर व्याजासकट होते. पाण्यातून बाहेर आल्यावर नाडीचे ठोके बराच वेळ चढलेले असतात, तेव्हा पहिला अर्धा तास त्यांच्यावर विसंबू नका. पॉवर मीटर (पायडलवर लावलेली ताकद वॅटमध्ये मोजणारे उपकरण) असेल तर वॅट पाहा, नसेल तर सलग दोन वाक्ये बोलता येतील इतपतच दम लागू द्या.

आणखी एक गोष्ट. बहुतेकांचे पाय थकण्याआधी मान आणि कंबर बोलू लागते. चार तासांनंतर एअरोबार (कोपरे टेकून पुढे वाकून बसण्यासाठी हँडलवर लावलेले दांडे) सोडून ताठ बसावे लागले, तर तेवढ्याच ताकदीत वेग चांगलाच घसरतो. त्यामुळे वाकलेल्या स्थितीत सलग दीड-दोन तास बसण्याचा सराव घरच्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर) करावा आणि तो साधत नसेल, तर हँडल थोडे उंच करून घेण्यात कमीपणा मानू नये.

दुसरे उत्तर

वरील हिशेब मान्य आहे. पण चांगले पोहणाऱ्याला एक वेगळाच प्रश्न येतो, तो म्हणजे मागे पडत राहण्याचा. तुम्ही पाण्यातून लवकर बाहेर याल आणि पुढचे काही तास तुमच्याहून वेगवान सायकलपटू एकामागून एक तुम्हाला ओलांडतील. त्यातील बरेचसे ट्रायथलॉनचे स्पर्धक असतील, कारण दोन्ही स्पर्धा अनेकदा एकाच मार्गावर होतात. त्यांच्या पाठीमागे लागण्याचा मोह आवरावा.

इथे ड्राफ्टिंगचा, म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाने हवेचा रोध चुकवण्यावरील बंदीचा नियमही आड येतो. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत पुढच्या सायकलपासून राखायचे अंतर सहसा १२ मीटर असते आणि ते पुढच्याच्या पुढील चाकापासून तुमच्या पुढील चाकापर्यंत मोजतात, म्हणजे दोन सायकलींमधील मोकळी जागा प्रत्यक्षात जेमतेम दहा मीटर भरते. कोणाचे पुढील चाक तुमच्या पुढे गेले की तुम्ही ओलांडले गेलात. मागे सरण्याची जबाबदारी तुमची, त्याची नव्हे. पायडल क्षणभर थांबवून अंतर पडू द्यावे आणि मगच पुन्हा जोर लावावा. दंडाच्या तंबूत पाच मिनिटे उभे राहण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त पडते. पोहताना मात्र दुसऱ्याच्या पायांमागे राहून त्याच्या प्रवाहाचा फायदा घेण्यास पूर्ण मुभा आहे. ती वाया घालवू नये.

प्रश्नकर्तीची पुरवणी

दोघांचेही आभार. खाण्याविषयी आणि वेटसूटविषयीही (पोहताना अंग उबदार ठेवणाऱ्या रबरी पोशाखाविषयी) मार्गदर्शन मिळाल्यास बरे होईल. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असते, असे ऐकले आहे.

तिसरे उत्तर

मग वेटसूट गृहीत धरू नका. बहुतेक लांब पल्ल्याच्या स्पर्धांत वयोगटातील (म्हणजे हौशी) स्पर्धकांसाठी सुमारे २४.५ अंश सेल्सियस ही मर्यादा असते. पाणी त्याहून गरम असेल तर वेटसूटवर बंदी येते किंवा तो घालणाऱ्याचा बक्षिसावरचा हक्क जातो. निर्णय स्पर्धेच्या सकाळी होतो, म्हणून दोन्ही प्रकारे पोहण्याची तयारी ठेवावी. शेवटच्या दीडशे-दोनशे मीटरमध्ये पाय जरा जास्त मारावेत. इतका वेळ आडवे असलेले शरीर एकदम उभे राहिले की अनेकांना भोवळ येते.

खाण्याच्या बाबतीत अ‍ॅक्वाबाइकचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. पुढे धावण्याचे हादरे नसल्यामुळे पोट शेवटपर्यंत अधिक सोसते. केवळ ग्लुकोज घेतल्यास शरीर तासाला साधारण ६० ग्रॅमच वापरू शकते. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने शोषले जात असल्याने दोन्हींच्या मिश्रणातून ९० ग्रॅमपर्यंत जाता येते. ही सवय आतड्याला सरावातूनच लावावी लागते. सायकलवरची पहिली पंधरा मिनिटे फक्त पाण्याचे घोट घ्यावेत आणि मग घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी थोडे खावे, कारण भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. साधे पाणी भरमसाट पिऊ नये, मीठही घ्यावे.

शेवटचे म्हणजे, तुमच्या आयोजकांचे घड्याळ नेमके कुठे थांबते ते नियमपुस्तिकेत पाहून ठेवा. काही ठिकाणी सायकलवरून उतरण्याच्या रेषेवर वेळ थांबते, तर काही ठिकाणी सायकल स्टँडला लावून ट्रान्झिशनमधून (एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्यासाठी राखलेल्या जागेतून) बाहेर पडावे लागते. दुसरा प्रकार असेल तर ते शेवटचे अंतर चालत जाण्याची परवानगी आहे, आणि तुमच्या गुडघ्याचा विचार करता तसेच करावे.