मदत हवी आहे: सगळ्या घराला मिळून खेळता येईल असा हालचालींवर चालणारा गेम

नमस्कार मंडळी. दिवाळीत आमच्याकडे सहा वर्षांच्या भाच्यापासून सत्तरीतल्या सासूबाईंपर्यंत सगळे जमणार असल्यामुळे, बटणांऐवजी हाताच्या हालचालींवर चालणारा एखादा व्हिडिओ गेम घ्यावा असा विचार आहे. २००६ सालच्या 'वी स्पोर्ट्स'मधले बोलिंग सासूबाईंना पूर्वी फार आवडले होते, कारण रिमोट धरून चेंडू टाकल्यासारखा हात फिरवला की काम भागत असे.

आता 'निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स' आणि 'जस्ट डान्स' यांपैकी एक निवडायचा आहे. स्विच लाइट (निन्टेंडोच्या 'स्विच' या गेम कन्सोलचा छोटा प्रकार) टीव्हीला जोडता येत नाही, म्हणून तो स्वस्त असला तरी बाद. 'जस्ट डान्स'मध्ये मोबाइल हातात धरूनही नाचता येते, पण गुडघे दुखणाऱ्यांनी काय करायचे? किनेक्टचा (कॅमेऱ्याने शरीराच्या हालचाली टिपणाऱ्या एक्सबॉक्सच्या उपकरणाचा) विचार सोडून दिला, कारण त्याचे उत्पादन २०१७ मध्येच थांबले आणि दोघांना खेळायला त्याच्यासमोर सुमारे आठ फूट अंतर लागते, जे आमच्या हॉलमध्ये सोफा सरकवूनही निघत नाही.

'स्विच स्पोर्ट्स'मधले बोलिंग खुर्चीत बसून नीट जमते का, आणि जॉय-कॉनचा (स्विचच्या हातात धरायच्या कंट्रोलरचा) मनगटपट्टा लहान मुलांच्या हातात घट्ट बसतो का (टीव्ही नवा आहे!), हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.