‘लायसन्स टू किल’ (१९८९) हा सर्वांत उपेक्षित बाँडपट आहे का?

रीळवेडा: टिमथी डाल्टनच्या दोन बाँडपटांपैकी हा दुसरा. ‘हा बाँड वाटतच नाही’ म्हणून लोक तो बाजूला सारतात. पण पटकथा बघा. मित्र फेलिक्स लायटरला शार्कच्या तोंडी देणाऱ्या, अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्या सांचेझला गोळी घालायचा बेत फसतो, मग बाँड त्याच्या गोटात शिरून संशय पेरतो. सांचेझला पैशापेक्षा निष्ठा मोठी, म्हणून घाव नेमका तिथे. त्याचेच पळवलेले पैसे त्याचा साथीदार क्रेस्ट याच्या बोटीवरच्या डीकम्प्रेशन चेंबरमध्ये (पाणबुड्यांसाठीच्या दाबनियंत्रित खोलीत) ठेवले की क्रेस्ट गद्दार ठरतो आणि पुढचं सगळं सांचेझ आपल्या हातानं करतो. इतका विचारी सूड या मालिकेत दुसरा नाही.

पडदानशीन: सूड विचारी असेल, सिनेमा बाँडचा कुठे आहे? अमली पदार्थांचा व्यापारी, बारमधली हाणामारी, मधेच निंजा! त्या काळच्या अमेरिकन पोलीस मालिकांची ही नक्कल. प्रेक्षकांनीही पाठ फिरवलीच की.

रीळवेडा: अमेरिकेत तो ‘बॅटमॅन’, तिसरा ‘इंडियाना जोन्स’ आणि ‘लीथल वेपन २’ यांच्याच उन्हाळ्यात आला. ब्रिटनमध्ये १५ वर्षांखालच्यांना प्रवेश नव्हता, म्हणजे बाँडचा हक्काचा पोरवयातला प्रेक्षक दाराबाहेर. पुढचा बाँडपट सहा वर्षांनी, १९९५ साली आला; मधली काही वर्षं कायदेशीर भांडणांत गेली होती. त्या लांबलेल्या काळात, १९९४ साली, डाल्टननं स्वतःच ही भूमिका सोडली.

स्टंटशोधक: शेवटच्या टँकरच्या पाठलागाबद्दल कुणी बोलतच नाही! मेक्सिकोतल्या ला रुमोरोसाच्या घाटात चित्रीकरण झालं. फ्रेंच स्टंटचालक रेमी जुलियेनच्या चमूनं अजस्र केनवर्थ ट्रक एका बाजूच्या चाकांवर चालवून दाखवला. क्षेपणास्त्र त्याच्या खालून निघून जातं. संगणकाची मदत नाही, म्हणून प्रत्येक फ्रेमला वजन आहे.

पडदानशीन: टँकर मान्य. पण फेलिक्सची बायको लग्नाच्या रात्री मारली जाते, त्याचा पाय जातो, आणि शेवटी तो इस्पितळातून फोनवर हसत बोलतो? एवढ्या कडू कथेचा तिथे पार विचका होतो.

रीळवेडा: तो प्रसंग कापायलाच हवा होता, त्यावर वाद नाही. पण बाँडच्या हट्टाची किंमत सिनेमा लपवत नाही, हेही बघा. त्याच्या त्या फसलेल्या गोळीपायी हाँगकाँगच्या अमली पदार्थविरोधी पथकाची गुप्त मोहीम उधळते आणि त्यांचा अधिकारी क्वांग विष घेतो. स्टिंगर क्षेपणास्त्रं परत मिळवायचा, बाँडची साथीदार पॅम हिचा सौदाही मोडतो. नायकाची चूक इतकी उघडपणे मांडणारा बाँडपट त्याआधी कोणता होता, सांगा.