‘प्रचंड बहुमताने विजयी’ आणि ‘अनामत जप्त’ यांचा नेमका अर्थ काय?

कृष्णाकाठ:
नमस्कार. विधानसभेचा निकाल लागला की आमच्या गावात चौकाचौकांत ‘प्रचंड बहुमताने विजयी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असे फलक झळकतात. बहुमत म्हणजे निम्म्याहून अधिक, असे शाळेत शिकलेली माझी मुलगी विचारते की, चौरंगी लढतीत जेमतेम एक तृतीयांश मते मिळवणारा उमेदवार बहुमताने विजयी कसा म्हणायचा? तसेच, मोठ्या फरकाने पडलेल्या प्रत्येक उमेदवाराचे ‘डिपॉझिट गेले’ असे लोक सर्रास म्हणतात. त्याचा काही ठरलेला हिशेब आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त मास्तर:
मुलीची शंका अगदी रास्त आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत ज्याला सर्वाधिक मते मिळतात तो निवडून येतो. निम्म्या मतांची अट कायद्यात नाही. समजा, एकूण १,८०,००० वैध मते पडली आणि चार उमेदवारांना अनुक्रमे ६५,०००, ५८,०००, ३२,००० आणि २५,००० मते मिळाली. पहिला उमेदवार ७,००० मतांनी विजयी झाला; या सात हजारांना मताधिक्य म्हणतात. बहुमतासाठी त्याला किमान ९०,००१ मते लागली असती, आणि प्रत्यक्षात १,१५,००० मतदारांनी दुसऱ्या कोणाला तरी पसंती दिली आहे. फलकावर ‘मताधिक्याने विजयी’ असे लिहिले तर विजयाचे मोल तिळमात्र कमी होत नाही, आणि मतदाराला आपल्या मतदारसंघाचे खरे चित्र कळते. म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

बहुमत या शब्दाचे खरे स्थान सभागृहात आहे. आपल्या विधानसभेत २८८ जागा असल्यामुळे बहुमताचा आकडा १४५ होतो. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली आणि सरकार गेले. तिथे एका मताला जी किंमत आहे, ती या शब्दामुळेच.

माणदेशी:
अनामतीचा हिशेब मास्तरांच्याच उदाहरणावरून सांगतो. निवडून न आलेल्या उमेदवाराला सर्व उमेदवारांना मिळालेल्या एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर त्याची अनामत रक्कम जप्त होते. १,८०,००० चा एक षष्ठांश ३०,००० होतो. त्यामुळे ३२,००० मते घेणाऱ्याची अनामत वाचली आणि २५,००० वाल्याची गेली. नेमकी ३०,००० मते मिळाली असती, तरीही ती गेलीच असती. पराभव कितीही मोठ्या फरकाने झालेला असो, त्याचा अनामतीशी थेट संबंध नाही. ही रक्कम विधानसभेसाठी १०,००० आणि लोकसभेसाठी २५,००० रुपये असून, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तिच्या निम्मी भरावी लागते.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. या हिशेबात ‘नोटा’ची मते धरतात का?

माणदेशी:
नाही. ती कोणत्याच उमेदवाराला मिळालेली नसल्यामुळे एक षष्ठांश काढताना वगळतात. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर होता, तरी निकालावर त्याचा परिणाम झाला नाही. विधानसभेत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांमधला पहिलाच विजयी ठरतो. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला असून, त्यानुसार ‘नोटा’ पहिल्या क्रमांकावर आल्यास फेरनिवडणूक घ्यावी लागते.

निवृत्त मास्तर:
एक पुरवणी जोडतो. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतदार उमेदवारांसमोर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो, आणि तेही मतदान केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच. तिथे विजयासाठी कोटा ठरतो, म्हणजे वैध मतांच्या निम्म्याहून किमान एक मत जास्त. पहिल्या पसंतीत कोणी तो गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजतात, आणि त्यामुळे मतमोजणी रात्रभर चालते. अशा निवडणुकीत कोटा पूर्ण करून आलेल्या उमेदवाराच्या फलकावर ‘बहुमताने विजयी’ असे खुशाल लिहावे.