ओम्नीच्या गिअरबॉक्सला दोन मोटर बेल्टने जोडायच्या आहेत: टायमिंग बेल्ट की व्ही-बेल्ट?

ओम्नी_७२व्होल्ट
नमस्कार मंडळी. जुन्या मारुती ओम्नीचं इंजिन उतरवलं आहे. गाडी फक्त शेतातल्या रस्त्यांवर आणि गोठ्यापर्यंत चालवायची आहे. मोटर दोन: बीएलडीसी (ब्रशलेस डीसी), ७२ व्होल्ट, प्रत्येकी ५ किलोवॅट, ३००० आरपीएम, शाफ्ट २५ मिमी. कंट्रोलर दोन, वेगवेगळे. मूळ गिअरबॉक्स ठेवायचा आहे, क्लच नको. सध्याचा बेत असा: इनपुट शाफ्टवर थेट मोठी पुली, दोन्ही बाजूंना एकेक मोटर आणि २:१ रिडक्शन.

प्रश्न तीन. टायमिंग बेल्ट (दात्यांचा) घ्यावा की बी सेक्शनचा व्ही-बेल्ट (बिनदात्यांचा, घर्षणावर चालणारा)? एकच लांब बेल्ट तिन्ही पुल्यांवरून फिरवला तर चालेल का? आणि दोन्ही मोटर एकमेकींशी भांडतील का?

पुलीवाला
बेल्टच्या आधी २:१ चं बघू, कारण खरा घोळ तिथे आहे. ५ किलोवॅट ३००० आरपीएमला म्हणजे प्रत्येकी सुमारे १६ न्यूटन-मीटर सलग. पीक, म्हणजे क्षणभराचा कमाल टॉर्क, जवळपास तिप्पट धरला तर ४५. दोन मोटर आणि २:१ म्हणजे इनपुट शाफ्टवर १८० न्यूटन-मीटर. ओम्नीचं ७९६ सीसी इंजिन ६० च्या आसपास देतं आणि गिअरबॉक्स त्या हिशेबाने बनवला आहे. इंजिनाला क्लच घसरण्याची तरी पळवाट होती. तुमच्याकडे तीही नाही, त्यामुळे चिखलात चाक अडकलं आणि पेडल दाबलं की पहिल्या गिअरचे दाते जातील.

गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर मोटरवर ३२ दाते, मधल्या मोठ्या पुलीवर ४० दाते, म्हणजे १.२५:१ करा आणि कंट्रोलरमध्ये फेज करंट असा बांधा की एका मोटरचा टॉर्क २५ च्या वर जाणार नाही. मग पीक ६२ न्यूटन-मीटर. चढाला पहिला-दुसरा गिअर आहेच. २:१ चा हट्ट असेल तर गिअरबॉक्स काढा, पण मग नुसत्या २:१ वर चढ चढवणार नाही, डिफरन्शियलच्या आधी आणखी रिडक्शन लागेल.

बेल्ट: टायमिंगच, एचटीडी ८एम (गोलसर दाते, ८ मिमी पिच म्हणजे दोन दात्यांतलं अंतर), रुंदी ३० मिमी, प्रत्येक मोटरला स्वतंत्र. ८ मिमी पिचला ३२ दात्यांचा पिच व्यास ८१.५ मिमी, ४० चा १०१.९ मिमी. ७२०-८एम-३० हा बेल्ट तयार मिळतो, ९० दाते. त्याला केंद्रांतर २१५.८ मिमी येतं. मोटरचा बाहेरचा व्यास मोठा असेल तर पुढची लांबी घ्या. बेल्टमध्ये एक दाता वाढला की केंद्रांतर ४ मिमीने वाढतं. २५ न्यूटन-मीटरला बेल्टवरचा ओढ सुमारे ६१५ न्यूटन. रुंदी ठरवताना कंपनीच्या तक्त्यात सलग पॉवर नाही, पीक टॉर्क घालून बघा. इलेक्ट्रिकमध्ये पूर्ण टॉर्क शून्य आरपीएमलाच येतो आणि बेल्टचे दाते तिथेच सोलले जातात.

तिन्ही पुल्यांवर एकच बेल्ट नको. दोन्ही मोटरचा ओढ शेवटच्या एका पट्ट्यात एकत्र येतो, म्हणजे रुंदी दुप्पट लागते. वर वेढा कमी होऊन दाते कमी अडकतात. सहापेक्षा कमी दाते अडकले की प्रत्येक दात्यामागे बेल्टची क्षमता २० टक्क्यांनी कमी धरतात. आणि तो एक बेल्ट तुटला की गाडी जागेवर.

लेथमास्तर
इनपुट शाफ्टवर थेट पुली अजिबात लावू नका. त्या शाफ्टचं पुढचं टोक इंजिनाच्या बाजूच्या पायलट बेअरिंगमध्ये बसलेलं असतं. इंजिन गेलं की तो आधार गेला. मग शाफ्ट गिअरबॉक्सच्या एकाच बेअरिंगवर लोंबकळतो. त्यावर बेल्टचा ताण दिला की आधी ऑइल सील गळेल, मग बेअरिंग आवाज करेल.

मध्ये स्वतंत्र शाफ्ट हवा. ईएन-८ पोलादाचा ३० मिमी शाफ्ट, दोन ६२०६ बेअरिंग, दोघांत १२० मिमी अंतर, दोन्ही पुल्या त्यांच्या मधे. गिअरबॉक्सकडच्या टोकाला फ्लँज आणि त्याच्या मध्यावर मूळ मापाच्या पायलट बेअरिंगचं घर. जुन्या क्लच प्लेटचं लायनिंग काढून प्लेट फ्लँजला बोल्टने बांधा. स्प्लाइन आयती मिळते आणि तिच्यातल्या स्प्रिंगा धक्के खातात. हब वेल्ड करू नका, तापून वाकडा होतो. फिरवून डायल गेज लावा, टोकाचा हेलकावा ०.१ मिमीच्या आत हवा. बेल हाउसिंगच्या प्लेटची जागा डोवेल पिनांवरून घ्या, बोल्टच्या भोकांवरून घेऊ नका. भोकं नेहमी सैल असतात.

मोटर समोरासमोर ठेवण्याचा तुमचा विचार मात्र बरोबर आहे. दोन्ही बेल्टचे ओढ उलट दिशांना असल्याने मधल्या शाफ्टवर जवळजवळ मिटतात. बेल्ट एका रेषेत नसतात, ३८ मिमी बाजूला असतात, तेवढा पीळ राहतो. ६२०६ ला तो काहीच नाही. मोटरच्या स्वतःच्या बेअरिंगवर मात्र पूर्ण ओढ येतो, म्हणून तिथली पुली मोटरच्या तोंडाला जेवढी चिकटवता येईल तेवढी चिकटवा.

पुली टेपर-लॉक बुशची घ्या. १२१० किंवा १६१० बुशचे स्क्रू २० न्यूटन-मीटरला आवळतात. टेपरवर तेल-ग्रीस लावू नका, पुलीचा हब तडकतो. नुसत्या ग्रब स्क्रूवरची पुली रीजनमध्ये (वेग कमी करताना मोटर उलटा टॉर्क देते तेव्हा) की-वे खाऊन सैल होणारच.

शेतकरी_मेकॅनिक
पुलीवाले दादा, एक शंका. व्ही-बेल्ट थोडा सरकतो, म्हणून दोन मोटरमधला फरक तो आपसूक खातो. टायमिंग बेल्टमध्ये तशी ढिलाई नाही. मग इथे व्ही-बेल्ट बरा नाही का? स्वस्त आहे, तालुक्याला मिळतो.

पुलीवाला
मुद्दा चुकीचा नाही, पण किंमत मोठी आहे. व्ही-बेल्टला पकड घर्षणाची, त्यामुळे त्याच टॉर्कला ताण खूप जास्त द्यावा लागतो आणि तो मोटरच्या बेअरिंगवर जातो. पावसात पाणी शिरलं की घसरतो, घसरला की चकाकतो, चकाकला की आणखी घसरतो. दोन मोटरमधला फरक कंट्रोलरने मिटवायचा असतो, रबर जाळून नव्हे.

ताण असा द्या: ६१५ च्या अर्ध्याहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ४०० न्यूटन, म्हणजे उलटा ओढ आला तरी सैल बाजू लोंबत नाही. मोकळा पट्टा २१५ मिमी, मध्यावर सुमारे २६ न्यूटन, म्हणजे अडीच-पावणेतीन किलोच्या स्प्रिंग काट्याने दाबून ३.४ मिमी दबला की झालं. मोबाइलवर आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप असेल तर पट्ट्याला टिचकी मारा, ११० हर्ट्झच्या आसपास यायला हवं.

दोन्ही पुल्यांची तोंडं पाव अंशाच्या आत जुळवा, म्हणजे या केंद्रांतराला साधारण १ मिमी. मोटरच्या प्लेटला स्लॉट ठेवा आणि ओढायला एम८ चा जॅक बोल्ट द्या. टॉमीने मोटर रेटून कधी दोन्हीकडे सारखा ताण येत नाही. फ्लँजवाल्या पुलीवरून बेल्ट चढवायला मोटर २०-२२ मिमी आत सरकायला हवी. स्क्रूड्रायव्हरने बेल्ट चढवला की आतले काचेचे धागे मोडतात. बाहेरून काही दिसत नाही, महिन्याभरात तोच बेल्ट सरळ रेषेत फाटतो. खाली पत्र्याचं कव्हर हवंच. दाता आणि पुलीत एक खडा गेला तरी तसंच होतं.

कंट्रोलर_काका
आता भांडणाचं. तुमचे कंट्रोलर साधे ई-रिक्षाचे असतील तर पेडल म्हणजे ड्यूटी, म्हणजे व्होल्टेज. टायमिंग बेल्टने दोघींचा वेग कुलूपबंद केला आहे. दोघींच्या बॅक ईएमएफमध्ये (फिरताना मोटर स्वतः तयार करते त्या उलट्या व्होल्टेजमध्ये) २ टक्के फरक असेल तर ६० व्होल्टला तो १.२ व्होल्ट होतो. वाइंडिंग, वायर आणि मॉसफेट (कंट्रोलरमधले इलेक्ट्रॉनिक स्विच) मिळून २० मिलिओहम धरा: करंटमध्ये ६० अँपिअरचा फरक. एक मोटर तापते, दुसरी थंड, आणि माणूस बेल्टला दोष देत बसतो. उपाय एकच: टॉर्क मोड (पेडल वेग नाही, टॉर्क ठरवतं) असलेले कंट्रोलर, दोन्हींना तीच सेटिंग. स्पीड मोड दोन्हीकडे ठेवला तर खरी कुस्ती लागते.

पेडलची एकच वायर फोडून दोन्ही कंट्रोलरना देऊ नका. एका कंट्रोलरचा बॅटरी निगेटिव्हचा बोल्ट सैल झाला की त्याचा शेकडो अँपिअरचा परतीचा करंट पेडलच्या बारीक ग्राउंड वायरमधून जायला बघतो. वायर जळते, सोबत कंट्रोलरचं इनपुटही. आजच्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक पेडलमध्ये दोन वेगळे ट्रॅक असतात, एकेक ट्रॅक एकेका कंट्रोलरला द्या. बऱ्याच पेडलमध्ये दुसऱ्या ट्रॅकचं व्होल्टेज पहिल्याच्या निम्मं असतं, म्हणून किमान-कमाल दोन्हीकडे वेगळं भरा. ब्रेकचा स्विच दोन खांबांचा, म्हणजे दोन वेगळी सर्किटं सांभाळणारा, घ्या.

हॉलची (रोटरची जागा सांगणाऱ्या सेन्सरची) ओळख करून देणारी सेटिंग बेल्ट काढूनच चालवा. त्यात मोटर स्वतः हिसके देते. एखाद्या मोटरचं तोंड उलटं बसवलं असेल तर तिची दिशा याच वेळी ठरवा. मग बेल्ट चढवून, मागची चाकं स्टँडवर घेऊन, हँडब्रेक थोडा ओढून दोन्ही पॉझिटिव्ह केबलना डीसी क्लॅम्प मीटर लावा. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा.

ओम्नी_७२व्होल्ट
खूप आभार सगळ्यांचे. १.२५:१ आणि मधला शाफ्ट नक्की. अजून दोन गोष्टी: कधी बेल्टचा दाता उडाला, म्हणजे बेल्ट पुलीवर एक दाता सोडून सरकला, तर मोटरचं टायमिंग बिघडेल का? आणि एक कंट्रोलर मेला तर दुसऱ्या मोटरवर घरी येता येईल?

कंट्रोलर_काका
दाता उडाला तरी टायमिंगला काही होत नाही. प्रत्येक मोटरचा हॉल सेन्सर तिच्याच रोटरवर आहे. इंजिनाच्या टायमिंग बेल्टची भीती इथे लावू नका. पण उडाला म्हणजे ताण कमी आहे, तो बघा.

कंट्रोलर कसा मेला यावर सगळं आहे. नुसता बंद पडला तर दुसऱ्या मोटरवर हळू या. मॉसफेट शॉर्ट झाले तर ती मोटर स्वतःच ब्रेक बनते, आणि बॅटरीचा फ्यूज काढूनही सुटत नाही, कारण करंट फेजा-फेजांतच फिरत असतो. गाडी अडखळायला लागली की आधी न्यूट्रल करा, थांबा, त्या बाजूचा बेल्ट काढा. म्हणून जॅक बोल्टला सीटखालच्या झाकणातून पाना पोचेल अशी जागा ठेवा. उरलेल्या एका बेल्टने मधल्या शाफ्टवर ८०० न्यूटन एकतर्फी येतात, पण लेथमास्तरांच्या ६२०६ ला ते सोसतात.

लेथमास्तर
सोसतात. फक्त बेअरिंगची घरं ६ मिमी पत्र्यात नको, १२ मिमी एमएस प्लेटमध्ये बोअर करून घ्या. आणि ही गाडी पुढे रस्त्यावर काढायचा मोह झाला तर आरटीओत आरसीवर इलेक्ट्रिकची नोंद फक्त एआयएस-१२३ (इलेक्ट्रिक बदलाच्या किटचं मानक) खाली मंजूर झालेल्या किटचीच होते. घरी जुळवलेल्या जोडणीची होत नाही.