एसएसएचनं लॉगिन केलं की बॅशआरसी वाचलीच जात नाही, काऊन?

हिंगणा_रोड_लॅब
भाऊ लोक, दोन दिवसांपासून यातच अडकून राहिलो. कॉलेजच्या लॅबमधे उबुंटूची मशीन आहे, माझे एलियास (कमांडची छोटी नावं) अन् जावाचा पाथ (जावा कुठं आहे तो पत्ता) सगळं डॉट बॅशआरसीत, म्हणजे बॅश या शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगच्या फाइलीत लिहून ठेवलं. तिथं बसून टर्मिनल उघडलं तर मस्त चालते पण घरून धरमपेठेतून एसएसएच केलं, म्हणजे नेटवरून त्या मशीनमधे शिरलो, की कमांड नॉट फाउंड, हातानं सोर्स केलं (ती फाइल वाचायला लावली) की लगेच सुरू. काय होऊन राहिलं समजून नाही राहिलं. सोमवारी सबमिशन आहे.

बर्डीवाला
डीफॉल्ट शेल दुसरं असंल. गेटएंट पासडब्ल्यूडी कमांड चालवून तुझ्या ओळीतलं शेवटचं खानं पाय. बॅश नसंल तर सीएचएसएच कमांडनं बदल, अन् लॉगआउट करून परत ये, तोवर जुनंच दिसते.

हिंगणा_रोड_लॅब
पाहिलं भाऊ, बिन बॅशच आहे.

टर्मिनल_काका
शेल बरोबर आहे बेटा, फरक लॉगिन शेलचा आहे. डेस्कटॉपवरचं टर्मिनल साधं इंटरॅक्टिव्ह शेल उघडते, ते बॅशआरसी वाचते. एसएसएचनं मिळते ते लॉगिन शेल, इको डॉलर झिरो केलं तर बॅशच्या आधी एक डॅश दिसंल. हे लॉगिन शेल घरच्या फोल्डरात आधी बॅश प्रोफाइल शोधते, नसली तर बॅश लॉगिन, तीही नसली तर साधी प्रोफाइल, अन् जी पहिली सापडली तेवढीच वाचते. उबुंटूच्या साध्या प्रोफाइलमधे बॅशआरसीला बोलावणारी ओळ आधीच असते. आता एलएस डॅश ए कर अन् सांग, डॉट बॅश प्रोफाइल नावाची फाइल कुठून आली का?

हिंगणा_रोड_लॅब
हो काका आहे!! मॅकवाल्या एका व्हिडिओत पाहून मीच बनवली होती, एकच एक्सपोर्टची ओळ आहे तिच्यात.

टर्मिनल_काका
तीच आडवी येऊन राहिली. मॅकचं टर्मिनल दरवेळी लॉगिन शेलच उघडते म्हणून तिथं तसं सांगतात. ती ओळ साध्या प्रोफाइलमधे टाक अन् बॅश प्रोफाइलचं नाव बदलून ठेव, लगेच डिलीट नको करू. जुनं सेशन चालूच ठेव अन् दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाय, काही चुकलं तर बाहेर नाही राहणार. अजून एक, बॅशआरसीत अगदी वरती इको बिको लिहू नको, एससीपी (एसएसएचवरून फाइल पाठवणं) बिघडते, त्यात माझी एक अख्खी रात्र गेली होती.

हिंगणा_रोड_लॅब
चाललं काका!! एलियास पण आले, जावा पण. लय लय आभार.